अठ्ठावीस तारखेचा हुकूम

"संध्याकाळी पाचपर्यंत ओसाकाला नाव कळवायचंय," म्याओबाई म्हणाल्या. "नाव माझ्याकडे आहे. पुरावा तेवढा हवाय."

"शोधायचाय की चिकटवायचाय?" थंग याछिनने विचारलं.

चीनमधल्या दालिएनच्या सॉफ्टवेअर वसाहतीतली सातव्या मजल्यावरची ही कंपनी म्याओबाईंची. चाळीस माणसं आणि काम एकच, ओसाकाच्या एका विमा कंपनीचे प्रोग्रॅम लिहून द्यायचे. वीस वर्षांपूर्वी इथली पोरं स्वस्तात मिळतात म्हणून जपान्यांनी कामं इकडे धाडली. आता ती स्वस्तही राहिली नाहीत आणि पोरंही राहिली नाहीत. थंगबाईंनी अशाच एका कंपनीत अठरा वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. ती बुडाली तेव्हा तोच धंदा त्यांनी बाहेर मांडला, पैसे घेऊन कंपन्यांच्या भानगडी उकलायचा. सोबतीला लाओ फान, निवृत्त हवालदार. माणूस सरळ, पण डोकं जरा सावकाश चालायचं.

प्रकरण असं होतं. २८ सप्टेंबरला सकाळी दहा वाजता ओसाकाच्या कुरोदासाहेबांच्या नावाने टीमलीडर लुआन श्यूला मेल आला. 'आज सकाळच्या बैठकीत ठरल्याप्रमाणे संपूर्ण प्रोग्रॅम खालील नव्या पत्त्यावर तातडीने पाठवावा. आमचा विभाग दुपारपर्यंत बैठकीत आहे.' लुआनने पाठवला. तीन आठवड्यांत दुसऱ्याच एका कंपनीने तोच प्रोग्रॅम ओसाकाला निम्म्या भावात देऊ केला. कुरोदासाहेबांनी तसा मेल लिहिलाच नव्हता.

म्याओबाईंनी लुआनचा कबुलीजबाब टाइप करूनच ठेवला होता. मेल मीच बनवला, मीच स्वतःला पाठवला. सही केली तर पोलीस टळतील, पण वसाहतीत पुन्हा कुणी तिला दारात उभं करणार नव्हतं.

"असं रीतसर जपानी लिहिणारे ऑफिसात किती?" थंगबाईंनी विचारलं.

"चौघं. मी, लुआन, दुभाषी गंग आणि थोरले टीमलीडर निंग. पण मला धरू नका. मी २७ला ओसाकात उतरले. दुसरा दिवस हॉटेलात पाय चोळण्यात गेला. कुरोदासाहेब भेटले ते २९ला."

दुपारचे साडेबारा वाजले होते. दिवे मालवले होते आणि टेबलांखालून घडीच्या खाटा निघाल्या होत्या. अख्खं ऑफिस तासाभराच्या वामकुक्षीला आडवं झालं होतं. थंगबाईंनी लुआनला हळूच हलवलं, पण ती जागीच होती.

"झोप कुठली येते, ताई?" ती पुटपुटली. "आईला अजून सांगितलेलं नाही. बारा वर्षं इथे घासली मी. चोर म्हणून नाही जायचं मला."

"मेल आल्यावर काय केलंस?"

"ओसाकाला फोन लावला. दोनदा. नुसता वाजत राहिला. मग मास्तरांना, म्हणजे निंगना विचारलं. काम त्यांनीच शिकवलं ना मला. ते म्हणाले, बैठकीत असतील, पाठवून टाक."

लाओ फानने फोनच्या नोंदी पाहिल्या. दहा वीस आणि दहा पस्तीस. दोन्ही वेळा कुणी उचलला नव्हता.

दुभाषी गंग खिडकीपाशी गरम पाणी पीत बसली होती. तिच्यामागे एक भलंमोठं कॅलेंडर होतं, लाल आणि हिरव्या खुणांनी भरलेलं.

"लाल सुट्ट्या त्यांच्या, हिरव्या आपल्या," ती म्हणाली. "कोण कधी घरी बसतं हे पाठ नसेल तर दोन देशांच्या बैठका काय तुमचे हवालदार ठरवणार?"

"मला विचारलं तर ठरवीन," लाओ फान म्हणाला.

निंग खाटेवर बसून डोळे चोळत होते. "त्या दिवशी? मुलीला शाळेत सोडून आलो. वेळापत्रक मंगळवारचं की बुधवारचं, यावरून घरात वाद. उशीरच झाला."

"एकाच दिवशी दोन वार कसे हो?" लाओ फानने विचारलं.

"ऑक्टोबरची आठ दिवसांची सुट्टी सरकार फुकट देतं होय?" निंग कसनुसं हसले. "पोरांनाही ती आधी फेडावी लागते."

चार वाजता थंगबाईंनी चौघांना बैठकीच्या खोलीत बसवलं.

"लाओ फान, २८ला वार कोणता होता?"

"कामाचा होता. माझी सून कामावर गेली होती." त्याने मोबाईल काढला आणि बघतच राहिला. "अरेच्चा. रविवार."

"रविवारच. लांब सुट्टी भरून काढायला आपण सगळे त्या रविवारी कामावर होतो, म्हणून कुणाला तो रविवार वाटलाच नाही. पण ओसाकात तो साधा रविवार. फोन उचलायला चिटपाखरू नव्हतं, मग सकाळची बैठक कुणी घेतली? ज्याने मेल लिहिला त्याच्या डोक्यात तिथेही कामाचाच दिवस होता."

थंगबाईंनी एकेकाकडे बोट केलं.

"म्याओबाई त्या दिवशी ओसाकातच होत्या, भेटीसाठी दुसऱ्या दिवसाची वाट बघत. त्यांना रविवार कळत होता. गंगबाई दोन्हीकडच्या सुट्ट्या खुणा करून ठेवतात, त्या अशी बैठक लिहिणार नाहीत. राहिले दोघं. लुआननेच मेल बनवला असता, तर तिथे माणसं कामावर आहेत असं धरूनच बनवला असता. मग ती तिथे फोन कशाला लावेल? कुणी उचलला तर जागच्या जागी पकडली जाईल. तिने तर दोनदा लावला."

थंगबाई निंगकडे वळल्या. "त्या दिवशी शाळेत मंगळवारचे तास की बुधवारचे, एवढंच तुमच्या घरात चाललं होतं. रविवार कुणाच्या तोंडीही नव्हता. आणि पाठवून टाक, हे तुम्हीच म्हणालात."



"तिने फोन लावला तेव्हा वाटलं, संपलं सगळं," निंग म्हणाले. "कुणी उचलला नाही. का, ते आत्ता कळलं. डिसेंबरात निम्मं काम छोंगछिंगला जातंय, तिथली पोरं अजून स्वस्त. दोन टीमलीडरांचा एक होणार. मी एकोणचाळीसचा. पस्तिशी उलटलेल्याला इथे कोण विचारतं? त्या दुसऱ्या कंपनीने सांगितलं, प्रोग्रॅम दे, नोकरी देतो."

"मला सांगायचं होतंत, मास्तर," लुआन म्हणाली. "मी सोडली असती जागा. तुम्ही मला चोर ठरवलंत."



म्याओबाईंनी कबुलीजबाब टराटरा फाडला. "झालं ते झालं, श्यू. उद्यापासून निंगची टीमही तूच सांभाळ."

"मला चौतिसावं लागलंय, बाई. पाच वर्षांनी माझं काय करणार?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"मलाही असंच म्हणाल्या होत्या," निंग म्हणाले. "तुझ्याच वयाचा होतो मी."