बोलणाऱ्यांना अडवणारं सभागृह

“थांब! गेल्या रविवारी तुझे आजोबा बोलले तेव्हा काय झालं, ते पुन्हा सांग,” चष्मिष वहीवर पेन्सिल टेकवत म्हणाली.

“काय होणार? धडाधड बोलले!” ढोल म्हणाला. “बाकी सगळ्यांची बोबडी वळली. डॉक्टर अडखळले, अध्यक्ष स्वतःचंच आडनाव विसरले! आणि बाई...”

 बाईंचं नाव निघताच त्यानं हातातला खडा लांब भिरकावला.

वाचनालयाच्या पायऱ्यांवर दुपार पेंगत होती. पुटपुट सुट्टीत मामाकडे आली होती. तिचा आवाज ओठांबाहेर यायलाच लाजायचा, म्हणून मामेभावानं, म्हणजे ढोलनंच, तिचं हे नाव ठेवलं होतं. पण वाचनालयात भरणाऱ्या बाईंच्या भाषणवर्गात बसलं की तिला वाटायचं, आपण खोल पाण्यातून अलगद वर येतोय. अजून थोडंसं, आणि डोकं बाहेर!

आणि त्याच बाई गेल्या रविवारी, वाचनालयाच्या वर्धापनदिनी, इथल्याच सभागृहाच्या मंचावर अडखळल्या. तीनदा वाक्य सुरू केलं, तीनदा तुटलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला, ‘जिला स्वतःला बोलता येत नाही, तिनं काय शिकवायचं? वर्ग बंद.’ आज संध्याकाळच्या सभेत त्या वर्गाची किल्ली परत करणार होत्या.

“आजोबांनी ना...” पुटपुट हळूच म्हणाली, “कानातलं यंत्र खिशात ठेवलं होतं. सारखं शिट्टी मारतंय म्हणून.”

चष्मिषची पेन्सिल थांबली. “म्हणजे ज्यांना ऐकू येत नव्हतं, तेच नीट बोलले!”

“चला आत!” ढोल उठलाच.

लांबच लांब सभागृह रिकामं होतं. उंच खिडक्यांतून उन्हाचे पट्टे उतरले होते आणि त्यांत धूळ तरंगत होती. स्पीकरवाले काका माईक चालूच ठेवून चहाला गेले होते. ढोलनं टुणकन उडी मारून मंच गाठला.

“मित्रहो, आज मी... मी आ... आज... अरे, हे काय होतंय?”

“कानात बोटं घाल!” चष्मिष ओरडली.

ढोलनं बोटं घातली आणि झाडांवरचा अख्खा निबंध न थांबता म्हणून दाखवला!

पुटपुटनं डोळे मिटले. ढोलचा आवाज समोरून आला, आणि क्षणभरानं तोच आवाज पाठीमागून. जणू कुणी दूरवरच्या टेकडीवरून त्याच्या मागोमाग बोलत होतं. त्या दुसऱ्या आवाजाच्या मागे ती झोपेत चालल्यासारखी गेली. सभागृहाचं मागचं दार आलं, मग सज्जाचा जिना. चष्मिष आणि ढोल मागोमाग धावले. वर एक नवाकोरा काळा स्पीकर होता, आणि त्याचं तोंड थेट मंचाकडे!

“ए, कोण हात लावतंय?” खालून काकांचा आवाज आला.

“काका, याचं तोंड मंचाकडे आहे,” चष्मिष म्हणाली. “बोलणाऱ्याला स्वतःचाच शब्द उशिरा ऐकू येतो. मग पुढचा सुचणार कसा?”

“वीस वर्षं हेच करतोय मी! चाचणी केल्याशिवाय जागचा हलत नाही.”

“चाचणीत काय बोलता?”

“हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन. झालं! बाई थकल्यात आता, माझ्या स्पीकरला नावं ठेवू नका. पळा!”

तिघं पळाली, पण तोंडं दाबून हसत. काकांनी माईकवर आजवर पूर्ण वाक्य म्हटलंच नव्हतं!

संध्याकाळी सभा भरली. बाई शेवटच्या खुर्चीत, मुठीत किल्ली धरून बसल्या होत्या.

“अध्यक्षकाका,” चष्मिष साळसूदपणे म्हणाली, “नव्या स्पीकरबद्दल काकांनी दोन शब्द सांगावेत ना!”

स्पीकरवाले काका खुलले. कॉलर नीट करून मंचावर चढले. “मंडळी, या स्पीकरचं वै... वैशिष्ट्य म्हणजे... म्हणजे... हॅलो, हॅलो...”

सभागृहात हशा पिकला. काका घामाघूम! आता खरं कारण सांगायला ढोल उठणार होता, पण दुपारची फजिती आठवून तो खुर्चीला चिकटून बसला. “मी नाही बाबा! तूच शोधलंस, तूच सांग.”

 पुटपुट उठली, मंचावर गेली, माईक बंद केला. समोर चेहऱ्यांचं धुकं दिसत होतं. तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. ती या पायावरून त्या पायावर होऊ लागली. तिनं मनातल्या मनात हात जोडले.

“पाय रोव,” शेवटच्या खुर्चीतून आवाज आला. बाई उभ्या राहिल्या होत्या. “हं. आधी श्वास सोड. आता घे. घाई नाही, आम्ही कुठे जात नाही. सगळ्यांकडे बघू नकोस, फक्त माझ्याकडे बघ. पहिलं वाक्य मला सांग.”

धुकं हळूहळू विरलं. त्यात एकच चेहरा उरला.

“बाई, तुम्ही चुकला नव्हतात,” पुटपुट म्हणाली. “तुमचाच आवाज परत येऊन तुम्हाला अडवत होता.”

“मोठ्यानं. मागच्या भिंतीला ऐकू जाऊ दे.”

मग तिनं सगळं सांगितलं. आजोबांचं यंत्र, ढोलची बोटं, सज्जातला स्पीकर. मध्ये एकदा अडली, तेव्हा बाई नुसत्या थांबल्या, आणि तीही थांबली. शब्द आपणहून आला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. स्पीकरवाले काका मान खाली घालून म्हणाले, “चुकलो, बाई. पोरांनी माझे कान उघडले.” आजोबांनी शेजाऱ्याला विचारलं, “कुणाची रे ही पोर?” आणि स्वतःच म्हणाले, “आमचीच!”

अध्यक्षांनी वर्ग बंद करण्याच्या ठरावाचा कागद दुमडला. “शाबास, मुलांनो! बाई, आता किल्ली कशी घेऊ? वर्ग तर आत्ताच आमच्यादेखत चालू होता.”

बाईंनी मुठीकडे पाहिलं, जणू किल्ली तिथे आहे हेच त्या विसरल्या होत्या. त्यांनी डोळे टिपले आणि मंचाकडे वळल्या.

“छान बोललीस. पण शेवटचं वाक्य खाल्लंस,” त्या म्हणाल्या. “पुन्हा म्हण.”