नजरपाटी

"एकसष्ट! उईके सर, एका धड्यात एकसष्ट वेळा अडली ही पोरगी!"

पांढरकवड्याच्या शाळेतल्या भाषा-प्रयोगशाळेत डॉ. वैजयंती देवतळे पडद्यासमोर बसल्या होत्या. नजरपाटी त्यांनीच बनवलेली. सातवीच्या वर्गात कोणी घरी गोंडी बोलणारं, कोणी कोलामी, कोणी गोरमाटी. एकीला तर अक्षरं नाचताना दिसायची. इंग्रजीचा धडा मात्र सगळ्यांना एकच! पाटीनं तो ज्याचा त्याला बेतून द्यायचा. डोळा एखाद्या शब्दावर रेंगाळला, की पाटी तिथे सोपा शब्द ठेवी. अशा थांब्यांची मोजणी म्हणजे अडखळ-अंक. तो चाळीसच्या वर गेला, की मूल इंग्रजीपुरतं तिसरीच्या वर्गात. यादी आज दुपारी जायची होती, आणि सगळ्यात वर नाव होतं सेजल आडेचं.

"तिला नका पाठवू, मॅडम," इंग्रजी शिकवणारे उईके सर काकुळतीला आले. "तिसरीच्या पोरांत बसवलं तर शाळाच सोडून देईल ती. हुशार आहे हो!"

"हुशार असती तर एवढी अडली असती?"

"कुठं अडली ते तर बघा!"

बाईंनी कुरकुरतच नोंद उघडली आणि त्या खुर्चीत सावरून बसल्या. धडा होता पुरात सापडलेल्या बकरीचा. पहिल्या तीन पानांवर सेजल एकदाही थांबली नव्हती. सगळे थांबे शेवटच्या आठ ओळींत! बाकी सगळ्यांच्या पाटीवर बकरी बुडाली होती. सेजलच्या पाटीवर ती अंगणात चारा खात होती.

सेजलला बोलावलं. ती दारातच घुटमळली.

"अगं ये, ये! हे कसं केलंस?"

"'पेरिश्ड'कडे टक लावून पाहिलं, मॅडम. तिथं 'लॉस्ट' आलं. 'पेरिश्ड' म्हणजे मेलीच. 'लॉस्ट' म्हणजे मेलीपण अन् हरवलीपण. हरवलेली सापडते ना!" मग हळूच म्हणाली, "मला बकरी मरू द्यायची नव्हती. पहिल्यांदा चुकलं, ती कसायाकडे गेली. मग पान पुन्हा उघडलं. लई वेळा उघडलं."

"अरे देवा!" बाई उठूनच उभ्या राहिल्या. "सर, सोपा शब्द जरा सैल असतो! आणि शब्द बदलला की पुढच्या वाक्यानं त्याच्याशी जुळवून घ्यायचं, हे मीच पाटीला शिकवलंय. ही अडत नाहीये, ही डोळ्यांनी इंग्रजीत गोष्ट लिहितेय!"

त्यांना राहवेना. पाटी ओढून त्या स्वतःच बसल्या. बकरी बुडाली. पुन्हा बुडाली. तिसऱ्यांदा तर मालकही बुडाला.

"मॅडम, नुसतं 'पेरिश्ड'वर थांबून उशीर होतो," सेजल आता त्यांच्या खांद्यावरून डोकावत होती. "आधी 'टॉरेंट'वर थांबा, लोंढा आहे तो. पाणी कमी करा."

अर्ध्या तासानं बकरी काठाला लागली. बाईंनी लहान मुलीसारख्या टाळ्या पिटल्या.

उईके सर पडद्याकडे बघत होते. "मॅडम, तुमचा अडखळ-अंक आलाय. त्र्याण्णव."

"काय सांगता!"

"नियमानं तुम्हाला तिसरीत बसवावं लागते."

"मॅडम, तिसरीत माझी बहीण आहे," सेजल मनापासून म्हणाली. "ती शिकवेल तुम्हाला."

बाई पोट धरून हसल्या. मग त्यांनी अख्खी यादी पुसली आणि दुसऱ्या मुलाची नोंद उघडली.

"बस, सेजल. हा कुठं थांबलाय आणि का, ते मला सांग."