खुडू नका

रेश्मा तांडेलचं पत्र आठ महिने विश्रामआजोबांच्या जाड शब्दकोशात पडून होतं. देवबागच्या त्या मुलीनं लिहिलं होतं, ‘तुमच्या लेखात सांगितलं तसं मी हिरवं प्रवाळ खुडलं. ते आणखीच पसरलं. माझं मेंदू-प्रवाळ गुदमरतंय. काय करू?’

समुद्रातली प्रवाळं आजारी पडल्यापासून किनाऱ्यावरची मुलं घरच्या काचटाकीत मेंदू-प्रवाळासारखं एकेक दगडी प्रवाळ वाढवत. मोठं झालं की ते समुद्रात परत जाई. आजोबा त्या मुलांसाठी लेख लिहीत. पत्र आलं आणि त्यांचं लिहिणंच थांबलं.

आज त्यांच्याच टाकीत घासू हा सफाई-यंत्रमानव हिरवं मऊ प्रवाळ खरवडत होता. नात ओवी काचेला नाक लावून बसली होती.

“आजोबा, काल सात ठिपके होते, आज एकोणीस. हा साफ करतोय की पेरतोय?”

“सांगितलं तेच करतोय,” घासू म्हणाला.

“आई तुळशीचे शेंडे खुडते ते ती फोफावावी म्हणून. मग हे खुडून कमी कसं होईल?”

आजोबा खुर्चीत टेकले. इतकं साधं होतं. शब्द परसातून उचलला आणि तपासलाच नाही.

“हे झाड नाही गं, प्राणी आहे,” ते थकल्या आवाजात म्हणाले. “शेकडो पॉलिप (तोंडाभोवती सोंडेसारखी बारीक शुंडकं असलेले इवले जीव) एका चटईवर राहतात. तुकडा तुटला की पंपाच्या प्रवाहात वाहत जातो, दगडाला चिकटतो आणि नवी चटई विणतो.”

“मग मारायचं कसं?”

“मारायचं कशाला? त्याला बेट द्यायचं. पंप बंद करून, हातमोजे घालून त्याला दगडासकट बाहेर काढायचं. टाकीच्याच पाण्याच्या बादलीत बाकीच्या दगडांवरची चटई अख्खी सोलायची. हिरव्या चटईचा एकच दगड टाकीत परत ठेवायचा, भोवती मोकळी वाळू. वाळू सरकते, त्यामुळे चटईला पुढे पाय रोवता येत नाहीत. टाकीतल्या माशांना खाणंही बेताचं द्यायचं. उरलेल्या खाण्याचं पाण्यात खत होतं.”

ओवीनं शब्दकोशात ‘खुडणे’ शोधलं. पत्र त्याच पानावर होतं. तिनं ते वाचलं.

“चूक माझी होती,” आजोबा पुटपुटले. “आता कुठल्या तोंडानं लिहू?”

“हातानं लिहा.”

त्यांनी लिहिलं, ‘रेश्मा, तू चुकली नाहीस, माझा शब्द चुकला. उशीरही माझाच.’ मग बेटाची युक्ती लिहिली. शेवटी लिहिलं, ‘मेंदू-प्रवाळाची नखाएवढी कड जिवंत असेल, तर ते पुन्हा वाढू शकतं. आधी ती कड शोध.’

कड उरली असेल का, त्यांना ठाऊक नव्हतं. ओवीचा हात धरून ते नाक्यापर्यंत गेले आणि पाकीट टपालपेटीत टाकलं.