क्लीनर साइड

शाहूपुरीत रंगांचं दुकान चालवणाऱ्या माणसाला चिखलात गाडी घालायची हौस का असावी, हे उदयसिंहांच्या बायकोला, संयोगिताला, संसाराची इतकी वर्षं उलटूनही कळलेलं नव्हतं. गेल्या पावसाळ्यात गारगोटीकडच्या डोंगरात गाड्यांची शर्यत झाली. शेवटच्या चढावर उदयसिंहांची जीप आडवी झाली. जीप भंगारात गेली आणि उदयसिंह प्लास्टरमध्ये.

"औंदा एकदा जावा," संयोगिता झोपाळ्याच्या डाव्या कोपऱ्यातून म्हणाली. तिथं बसून चहा घेताना ती जे बोलायची, त्यावर घरात अपील नव्हतं. "चढली तर चढली. न्हायतर गाडी इकायची आणि माणसागत दुकानात बसायचं."

म्हणून औंदा पिकअप आली. जुनीच, पण विकणारा छातीवर हात ठेवून म्हणाला होता, "क्लीनर साइडला आजवर कुणी बसल्यालंच न्हाय, पावणं. सीटचं प्लॅस्टिकबी निघाल्यालं न्हाय बघा." खरंच निघालेलं नव्हतं. उदयसिंहांनीही ते काढलं नाही. त्यांच्या घरी टीव्हीचा रिमोट अजून पिशवीतच नांदतो, आणि झोपाळ्याच्या गादीवर बसलं की ती कुरकुरीत पापडासारखी वाजते.

गाडी उद्यमनगरात प्रसेनजीतच्या गॅरेजात लागली. प्रसेनजीतचा आवाज ग्राइंडरपेक्षा मोठा, आणि आत्मविश्वास आवाजापेक्षा. त्यानं गाडी उंच केली, स्प्रिंगचे जाड पाटे चढवले, रुंद टायर घातले, पुढं चिखलातून ओढून काढणारी विंच बसवली. मग गाडी जमिनीवर उतरवून दोघं मागं जाऊन उभे राहिले.

डावी बाजू दोन बोटं खाली होती.

"पाटं नवं हायत, दादा. बसतील. चार दिवस फिरवा."

फिरवली. उजवी बसली नाही, डावी उठली नाही.

प्रसेनजीतनं डावे पाटे उजवीकडं घातले, उजवे डावीकडं. डावीच खाली. शॉकअप बदलले. डावीच खाली. चासीला दोरी लावून माप घेतलं, तर चासी सुतासारखी सरळ.

"प्रसेन, तुझ्या गॅरेजाची जमीनच तिरकी हाय," उदयसिंह वैतागून म्हणाले.

प्रसेनजीतनं गाडी उलट्या तोंडानं लावली. डावीच खाली.

शेवटी वजन करायचं ठरलं. उसाच्या काट्यावर कोल्हापुरात स्वतःचा सख्खा भाऊ उभा असला तरी विश्वास ठेवत नाहीत, म्हणून गुळाच्या काट्यावर गेले. आधी डावी चाकं चढवली, मग उजवी. दोन्हीकडं सारखंच भरलं.

"म्हंजे वजन न्हाय," प्रसेनजीत म्हणाला.

"मग दबतंय का?"

"दबतंय. पर वजन न्हाय."

या उत्तरानं कुणाचंही समाधान होण्यासारखं नव्हतं. प्रसेनजीतनं चिडून क्लीनर साइडची, म्हणजे ड्रायव्हरशेजारची डावी सीटच उपटून बाहेर ठेवली, खालचा पत्रा तपासायला. तर गाडी सरळ! दोघांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या, चहा मागवला, सीट बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. नवी सीट आणली. ती अर्थातच प्लॅस्टिकसकट बसवली. शेवटचा नट आवळून प्रसेनजीत मागं आला आणि दोघं बघत उभे राहिले.

आत प्लॅस्टिक कुरकुरलं. मग गुडघेदुखीचा माणूस हात टेकत टेकत बसतो तशी, सावकाश, डावी बाजू दोन बोटं खाली गेली.

चहा प्यायचा राहिला.

सीटशिवाय गाडी पळवता येत नव्हती. शर्यतीत दोन माणसं लागतात, असा नियम होता. उदयसिंह तशीच गाडी चालवत राहिले. डावा आरसा ते रोज नीट करायचे आणि तो रोज थोडा खाली वळलेला असायचा, बुटक्या माणसानं आपल्यापुरता लावून घ्यावा तसा. पावसात डावी काच तेवढी आतून धुरकट व्हायची. आणि उद्यमनगरात ज्यांच्या शिव्यांचं नाव होतं त्या उदयसिंहांनी गाडीत शिवी देणं बंद केलं होतं. हे त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आलं नव्हतं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सरावाला जायचं होतं. जोडीला प्रसेनजीतच बसणार होता. तो दार उघडून टुणकन चढला, बसला.

आणि उतरला.

"काय झालं?"

"काय न्हाय."

"मग बस की."

प्रसेनजीत पँटीला हात पुसत राहिला. उद्यमनगरानं पहिल्यांदाच त्याचा बारीक आवाज ऐकला.

"दादा, कुणाच्या तरी मांडीवर बसल्यागत झालं."

तो गॅरेजात निघून गेला.

उदयसिंह एकटेच घरी आले. दारात गाडी थांबवली, इंजिन बंद केलं. अजून उजेड होता. पाटे झाले, शॉकअप झाले, सीट झाली, आता जोडीचा माणूसही गेला. उद्या गाडी डावीकडं आडवी होणार आणि परवापासून आपण काउंटरमागं डबे हलवत बसणार. महिनाभराचा वैताग एकदम उसळला. ते रिकाम्या सीटकडं वळले. पण दारात आलेल्यावर कितीही चिडलं तरी कोल्हापुरी तोंडातून यायचं तेच येतं.

"लई झालं आता! उतरा की, पावणं. दारापतूर आलाईसा, आत चला. जेवा. ऱ्हावा."

हे आमंत्रण ते पोस्टमनलाही देत, विमा एजंटलाही देत. आजवर ते कुणी खरं मानलेलं नव्हतं.

प्लॅस्टिक कुरकुरलं.

गाडी डावीकडून दोन बोटं वर आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सरळ उभी असलेली गाडी घेऊन गॅरेजवर गेले. प्रसेनजीतनं ती पुढून बघितली, मागून बघितली, सीटवर आधी हात दाबला, मग बसला. बसून राहिला. गारगोटीच्या चढावर चिखल चाकाएवढा होता, पण पिकअप शेळीसारखी वर गेली, आणि उदयसिंहांनी महिनाभर साठलेल्या सगळ्या शिव्या एका दमात देऊन टाकल्या. माथ्यावर लोकांनी दोघांना उचलून घेतलं.

संध्याकाळी चिखलानं माखलेले उदयसिंह घरात शिरले.

"चढली!"

संयोगिता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात चहाचा कप. चहावर साय धरली होती.

"बरं झालं," ती म्हणाली.

"बस की. उभी का?"

रिकामा झोपाळा हलत नव्हता. त्याची डावी कडी ताठ होती, उजवी सैल.

"कुठं?" संयोगितानं विचारलं.