दिव्याच्या पोटातलं पाणी

होडीच्या ट्रेलरचा डावा दिवा काढून तिनं हलवला, तेव्हा आतून आवाज आला. डबक्… डबक्.

"दिवा आहे की नारळ?" मागून कुणीतरी विचारलं.

तलावाच्या धक्क्यावर ट्रेलरची वायरिंग करणारा वायरमन होता तो. कानावर पेन्सिल, केसांवर भुरभुर पावसाचे थेंब.

"मी बघून घेईन," ती म्हणाली.

"बघा, डॉक्टर."

"ओळखता मला?"

"माझी दाढ तुम्हीच काढलीत. दुखणार नाही म्हणाला होतात."

"दुखलं?"

"खूप."

तिनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. तोंड उघडं असल्याशिवाय तिला पेशंट ओळखू येत नसत.

प्रकरण गंभीर होतं. होडी तिची, ओढणारी गाडी बाबांची. आणि गाडीत बसलेल्या बाबांनी सकाळीच जाहीर केलं होतं, "दिवे दोनदा बंद पडले. मागचा ट्रक अंगावर येता येता राहिला. आज ट्रेलर पाण्यातून वर आल्यावर पेटले नाहीत, तर होडी विकायची." बाबा निवृत्त मुख्याध्यापक होते, त्यांनी एखादा निर्णय मागे घेतल्याची नोंद कुठेही नव्हती.

वायरमननं दिवा उलटा केला. "इथं खाली भोक होतं. कुणी बुजवलं?"

"मी. सिलिकॉननं. व्यवस्थित."

"का?"

"भोक होतं म्हणून!"

तो थोडा वेळ दिव्याकडे पाहत राहिला, मग तिच्याकडे… जरा जास्तच वेळ. "डॉक्टर, आत शिरलेलं पाणी बाहेर पडायला ठेवतात ते. तुम्ही दिव्याचा दात भरलात."

ती लाल झाली. "मग आता?"

"सरका, मी करतो."

"हात लावायचा नाही. तुम्ही फक्त सांगा. होडी माझी आहे."

तो सांगत गेला, ती करत गेली. भोकं मोकळी केली. गंजलेल्या सांगाड्याच्या भरवशावर सोडलेली अर्थिंगची वायर दोन्ही दिव्यांना वेगळी नेली. प्रत्येक जोडावर आतून डिंक लावलेली प्लास्टिकची नळी चढवून ती गरम हवेनं आक्रसवली. प्लगमध्ये ग्रीस भरलं, दिवे एकदा पेटवून पाहिले. बारीक जागेत काम करायची तिला सवयच होती. इथं तर पेशंट मध्ये जीभही आणत नव्हता. वायरमननं छत्री धरली होती – जोडांवर. ती अर्धी भिजली, तो पूर्ण.

"आता प्लग काढा आणि दहा मिनिटं थांबा," तो म्हणाला. "तापलेला बल्ब गार पाण्यात गेला की तडकतो."

"दहा मिनिटं करायचं काय?"

"लोक… बोलतात."

ते बोलले. पंचवीस मिनिटं. शेवटी बाबांनी हॉर्न वाजवला.

ट्रेलर पाण्यात गेला, होडी तरंगली, ट्रेलर वर आला. दोन्ही दिव्यांतून पाण्याची बारीक धार गळून गेली. तिनं प्लग जोडला. बाबांनी ब्रेक दाबला.

डावा पेटला. उजवाही.

"ठीक," बाबा म्हणाले. याहून मोठा शेरा त्यांनी तीस वर्षांत कुणाला दिला नव्हता.

वायरमन पक्कड पुसत उभा राहिला. "आता हे लवकर बिघडायचे नाहीत," तो सांत्वनाला आल्यासारखा म्हणाला. "म्हणजे तुमचं इकडे काही काम…"

"होडीत बसा."

"मी? कशाला?"

"पुढच्या बिघाडाची वाट बघत बसणं मला जमणार नाही. तुम्ही मला आवडलात. बसा!"

बाबांनी गाडीची काच वर केली.

तिनं वल्ही मारायला घेतली. काठ बराच लांब गेला, पाऊस थांबला, आणि तो हळूच म्हणाला, "डॉक्टर… मला पोहता येत नाही."

"आधी नाही का सांगायचं?"

"सांगितलं असतं तर नेलं नसतंत."

तिनं वल्ही आत घेतली. एका हातानं त्यानं होडीची कड गच्च धरली होती. दुसरा तिनं धरला.

"वळवू परत?"

"अजिबात नाही," पांढऱ्याफटक चेहऱ्यानं तो ठामपणे म्हणाला.