न सांगितलेली खिदमत

“अहो ताई, घरी कुणा आजारी माणसाचं काही केलंय का? एवढंच तर विचारतेय मी!” प्रवेशासाठी मुलाखत घेणाऱ्या संध्या मॅडमचा स्वर आता जरा चढला होता.

सलिमा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत खाली मान घालून बसली. काय सांगणार होती ती? माहेरी लहानपणापासून एकच मनावर बिंबवलेलं... थोरामोठ्यांची खिदमत करावी, पण तोंडाने बोलून दाखवू नये. बोललं की सवाब गेला, पुण्य मातीत! आणि इथे, नाशकातल्या या दवाखान्यात, रुग्णसेविकेच्या वर्गात शिरायचं तर नेमकं तेच बोलून दाखवायचं होतं. दहावीपाशी शाळा सुटलेल्या बायकांना घरच्या सेवेचा अनुभव धरून प्रवेश देत होते. पांढऱ्या कपड्यांत रोग्याच्या उशाशी उभं राहायचं तिचं लग्नाआधीपासूनचं स्वप्न एका वाक्यावर येऊन ठेपलं होतं, आणि ते वाक्य काही केल्या जिभेवर येईना!

शेजारी तिचा नवरा खलील घुम्यासारखा बसला होता. त्याच्याकडे बघायचाही तिला धीर होईना. लकव्याने अंथरुणाला खिळलेल्या त्याच्या अम्मीचं सारं सारं सलिमानेच केलेलं. आणि अम्मी गेली तेव्हा, सिन्नरच्या कारखान्यातून धावत आलेला खलील भरल्या घरात ओरडला होता, “तू नीट बघितलं नाहीस, म्हणून गेली माझी अम्मी!” त्यानंतरही संसार चाललाच होता, पण ते शब्द काळजात रुतून बसले ते बसलेच. एकदा तरी त्याने ते परत घ्यावेत म्हणून तिचा जीव किती तळमळला होता... पण असं काही मागून मिळतं का?

“काही नाही मॅडम,” ती पुटपुटली. “मी घरीच असते.”

“मग अवघड आहे हो.” मॅडमनी पुढच्या बाईला हाक मारली. सलिमा उठली.

“थांबा मॅडम!” खलीलचा आवाज चिरकला. “ती नाय सांगणार. आमच्यात सांगत नाहीत. मी सांगतो. माझी अम्मी कितीतरी साल बिछान्यावर होती, पण अंगावर एक जखम नव्हती तिच्या! मय्यतीला आंघोळ घालणाऱ्या बायका म्हणाल्या, एवढी जपलेली काया कधी बघितली नाय. तेव्हाच कळलं होतं मला, चुकलो मी... पण चारचौघांत बोललेलं परत कुठल्या तोंडाने घेऊ? अम्मी जेवढी जगली ना, तेवढी हिच्यामुळे जगली!”

संध्या मॅडमनी पुढच्या बाईला खुणेनेच थांबवलं. मग त्यांनी सलिमाला खुर्चीकडे हात केला. “बसा ताई. सोमवारपासून यायचं.”

बाहेर आल्यावर खलीलने मोटारसायकल सुरू केली, तरी सलिमा उभीच. डोळ्यांना नुसती धार लागली होती.

“आता काय झालं? मिळाला ना प्रवेश?”

“अहो...” तिने ओढणीने डोळे टिपले. “मगाशी शेवटी काय म्हणालात, ते... एकदा परत म्हणा ना!”

खलीलने गाडी बंद केली.