हरकतबाईंची सही

लिफ्टचं दार मिटता मिटता मध्ये एक बूट आला.

"थांबा, थांबा! ...अहो, हे भंगार वर कुठे घेऊन चाललात?"

तिने दोन्ही हातांनी छातीशी धरलेल्या जुन्या कॉम्प्युटरच्या वरून डोळे काढून बघितलं. बुटाचा मालक उंच होता, केस विस्कटलेले होते आणि स्वतःच्या विनोदावर तो स्वतःच खूश होता.

"भंगार नाही, आमच्या आत्याचा कॉम्प्युटर आहे. सात वर्षं झाली त्याला. तुमच्याकडे वडीलधाऱ्यांना भंगार म्हणतात का?"

"नाही हो... म्हणजे जड दिसतंय. द्या इकडे."

"जड आहे. पण हरकत नाही."

त्याची नजर तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर गेली, आणि चेहऱ्यावरची खुशी फूत्कन विझली. "हरकत नाही? हे तुम्ही म्हणताय? तुम्ही... हरकतबाई?"

"आणि तुम्ही ड्रायव्हर," ती म्हणाली. "वाटलं होतं जरा म्हातारे असाल. लिहिता तरी तसेच."

लिफ्ट वर निघाली. दोघंही दाराकडे बघत उभी राहिली. भांडण चार महिने जुनं आणि ओळख अर्ध्या मिनिटाची असली की माणसं दाराकडेच बघतात.

ती कंपनी अँटिव्हायरस बनवायची. कॉम्प्युटर सुरू होताना सगळ्यांच्या आधी त्याच्या पोटात शिरून पहाऱ्याला बसणारा जो भाग असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो भाग हा माणूस लिहायचा, म्हणून त्यालाही सगळे ड्रायव्हरच म्हणत. ती तपासनीस. त्याने लिहायचं, तिने मोडून बघायचं आणि मोडलं की हरकत नोंदवायची. तो गेल्या आठवड्यापर्यंत रस्त्यापलीकडच्या इमारतीत बसायचा, त्यामुळे भेट कधी झाली नव्हती. कागदोपत्री मात्र रोज तलवारबाजी. आजवर तिच्या हरकती एक्याण्णव. त्यातल्या अठ्ठ्याऐंशी त्याने मुकाट्याने दुरुस्त केल्या होत्या. उरलेल्या तीन एकाच वाक्यासकट परत पाठवल्या होत्या: 'माझ्या मशीनवर असं होत नाही.'

खरं तर त्या तीन हरकती एकच होत्या. तिने एक हरकत तीनदा नोंदवली होती. सुंभ जळला तरी पीळ जाणार नाही, अशी ती बाई.

"ज्याच्यासाठी हे ओझं वर चाललंय," ती म्हणाली, "ते तुमचं वाक्य आहे."

तपासणीची खोली थंडगार. ओळीने मांडलेली मशीन घुंघुं करत होती. तिने खुर्चीवरची शाल खांद्यावर ओढली आणि आत्याचा कॉम्प्युटर जोडला. पंख्यातून धूळ उडाली, त्याला सटासट तीन शिंका आल्या.

"सोमवार आज. गुरुवारी नवीन ऑपरेटिंग सिस्टीम बाजारात येणार," ती म्हणाली. "साहेबांनी जाहिरात छापायला दिलीय, 'पहिल्या दिवसापासून तुमच्या सोबत'. तुम्ही कशावर तपासलंत?"

"नव्या मशीनवर. कोऱ्या."

"कोरं मशीन कुणाच्या घरी असतं हो? लोक जुन्यावरच नवीन सिस्टीम चढवतात. त्यात आपलीच मागची आवृत्ती बसलेली असते, कुठल्या काळातले फोटो असतात, भाचरांनी घातलेले खेळ असतात. आत्याचे फोटो मी दुसरीकडे उतरवून ठेवलेत. आता बघा."

नवीन सिस्टीम चढायला दीड तास लागला. तेवढ्यात तो तीनदा निघतो म्हणाला आणि तीनदा बसला. मग पडदा काळा झाला, त्यावर पांढऱ्या ठिपक्यांचं कडं फिरायला लागलं... आणि फिरतच राहिलं. पाच मिनिटं. वीस मिनिटं.

"पण माझ्या मशीन—"

"ते वाक्य पुरं केलंत ना, तर शाल तोंडात कोंबीन."

तो हसला. मग खुर्ची ओढून पडद्याच्या अगदी जवळ गेला. हसू कधी मावळलं ते त्यालाही कळलं नाही. आपलं काम असं नाक घासत बघणारा माणूस तिने आजवर पाहिला नव्हता. बाकीचे आधी खांदे उडवायचे, मग आवाज चढवायचे.

"हा इथे ठेवून जाल?" त्याने विचारलं. "जपून वापरीन. वडीलधारा आहे."

घरी आत्याने विचारलं, "माझा कॉम्प्युटर कुठाय?"

"ड्रायव्हरकडे."

आत्याने चष्मा वर केला. "गाडी स्वतःची आहे की मालकाची?"

"आत्या, तो प्रोग्राम लिहितो!"

"मी कुठे काय म्हटलं? एका कॉम्प्युटरसाठी एवढी लाल होतेस, म्हणून विचारलं हो."

मंगळवारी दुपारी कँटीनमध्ये तो समोर येऊन बसला. दाढी वाढलेली, डोळ्यांत मात्र चमक.

"सापडलं. नवीन सिस्टीम वर चढली तरी आपली जुनी आवृत्ती पुरती जात नाही. जुना पहारेकरी दारातच राहतो, त्याला कुणी 'जा' म्हणून सांगितलेलंच नसतं. मग माझा नवा येतो. हा त्याला म्हणतो ओळखपत्र दाखव, तो ह्याला म्हणतो आधी तू दाखव..."

"आणि घराचा मालक बाहेर उभा."

"जन्मभर. तुमचं बरोबर होतं. तिन्ही वेळा." तो थांबला. "बारा दिवस लागतील दुरुस्तीला. पण एक सांगा... मागे काहीतरी राहिलंय, हे तुम्हालाच कसं सुचलं?"

तिने कप खाली ठेवला. हे सांगायचं की नाही, असा प्रश्न तिला कधी पडत नसे. ती सांगूनच टाकायची.

"माझं लग्न ठरून मोडलं होतं. मीच मोडलं. आत्या म्हणते, नव्या स्थळाला कशाला सांगायचं, झाकली मूठ सव्वा लाखाची. मी पहिल्याच वाक्यात सांगते. माणूस काही कोरा येत नाही. काय राहिलंय ते आधी कळलेलं बरं... सहा स्थळं उठून गेली."

"आणि सातवं?"

"सातवं आलंय कुठे अजून!"

"तसं नाही," तो कपाच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाला, "काही जण न सांगता येऊन बसतात. आधी बूट आत येतो, मग माणूस."

ती उठली. उठताना शाल खुर्चीत अडकली, ती सोडवायला तो वाकला, आणि दोघांची डोकी टाणकन आपटली. एक्याण्णव हरकती लिहिणारी बाई ब्याण्णवावी न नोंदवताच कपाळ चोळत निघाली.

बुधवारी साहेबांनी बोलावलं. साहेब गोड माणूस. गोड बोलून सह्या घेण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. कंपनीत मात्र एक नियम जुना आणि पक्का होता. तपासनिसाने 'नव्या सिस्टीमशी सुसंगत' या खान्यात सही केल्याशिवाय माल बाहेर जायचा नाही. तपासनीस बदलायचा तर, ज्याने तो भाग लिहिला त्याने 'माझ्या कामात दोष नाही' असं लिहून द्यायचं.

"बाई, पाच वाजेपर्यंत सही हवी," साहेब म्हणाले. "शंभरात एखाद्याचं अडेल. त्याला आपण बघून घेऊ."

"शंभरातल्या साठांकडे आपली जुनी आवृत्ती आहे, साहेब. मी मोजलंय."

साहेबांनी खण उघडला, एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं आणि त्यावर हात ठेवला. "हे तुमचं नोकरीत कायम झाल्याचं पत्र. तीन वर्षं वाट बघताय ना? तुम्ही तिकडे सही करा, मी इकडे करतो."

तिचं नाव पाकिटावर टंकलेलं होतं. ती ते दोनदा वाचू शकली, एवढा वेळ गेला. तीन वर्षं दर सहा महिन्यांनी मुदत वाढवून घ्यायला मारलेले हेलपाटे, आत्याचं "या खेपेला तरी?"... सगळं त्या पाकिटात होतं.

"सुसंगत नसलेल्याला मी सुसंगत लिहिणार नाही," ती म्हणाली. आवाज थोडा कापला, म्हणून तिने तेच वाक्य पुन्हा एकदा, न कापता म्हटलं.

"पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, बाई."

"मासा नाही साहेब, पाणीच गढूळ आहे."

साहेबांनी मान वळवली. ड्रायव्हर भिंतीला टेकून उभा होता. "तुम्ही लिहून द्या हो. मी दुसरा तपासनीस घालतो. पुढच्या महिन्यात मुख्य कचेरीतली जागा रिकामी होतेय, लक्षात आहे ना?"

ती त्याच्याकडे बघत नव्हती; बघितलं तर मागितल्यासारखं होईल, आणि मागणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने फक्त त्याच्या श्वासाकडे कान दिला.

"लिहून देतो," तो म्हणाला.

ती दाराकडे वळायला लागली.

त्याने टेबलावरचा कागद ओढला, उभ्या उभ्याच दोन ओळी खरडल्या आणि साहेबांसमोर सरकवल्या. साहेबांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली, "'माझ्या कामात दोष आहे. तपासनिसांनी तो तीनदा दाखवला आणि मी तीनदा—' अहो, हे काय?"

"खालीही वाचा ना. 'मी तीनदा आढ्यतेने नाकारला.' 'आढ्यता'मधला ढ मला नीट येत नाही, सांभाळून घ्या."

साहेबांचा गोडवा त्या दिवशी पहिल्यांदा संपला. सही नाही, लेखी खुलासा उलटा, आणि वर जाहिरात छापलेली! शेवटी ठरलं ते असं. माल कोऱ्या मशीनसाठीच जाईल, तेवढ्यापुरतीच तिची सही. जुन्या ग्राहकांना सूचना जाईल की नवीन सिस्टीम चढवण्याआधी आमची जुनी आवृत्ती काढून टाका, नाहीतर बारा दिवस थांबा. पाकीट परत खणात गेलं.

"आणि हो," साहेब म्हणाले, "लोकांना थांबा म्हणून सांगायची एवढी हौस आहे ना? मग फोनवर बसून तुम्हीच सांगा. दोघंही. ड्रायव्हर, तुम्ही सकाळी दुरुस्ती करा, दुपारी फोन घ्या. सगळी बोलणी रेकॉर्ड होतात. रोज ऐकणार आहे मी."

"ऐका," ती म्हणाली. "पाकीट खणात सुरक्षित राहील. मला घाई नाही."

बाहेर आल्यावर तिने त्याला गाठलं. "मुख्य कचेरी गेली तुमची."

"गेली."

"कशाला हा शहाणपणा?"

"तुम्ही दुसऱ्यांदा म्हणालात ना ते वाक्य, न कापता... तेव्हा." एवढं बोलून तो जिन्याने दोन-दोन पायऱ्या उतरत निघून गेला. लिफ्ट समोर उभी होती, तरी.

गुरुवारी दुपारी तळमजल्यावर फोनचा नुसता पाऊस. शेजारशेजारच्या दोन खुर्च्या, कानांवर हेडफोन. कुणी ओरडत होतं, कुणी रडकुंडीला आलं होतं. एका काकांनी तर 'तुमच्यापेक्षा विषाणू बरा, तो निदान फोनवर थांबायला लावत नाही' असं सुनावलं. ती प्रत्येकाला एकेक पायरी सांगत होती. सकाळपासून चौऱ्याहत्तर फोन झाले. अडकून बसलेलं मशीन एकही नाही.

पंच्याहत्तरावा फोन एका वयस्क बाईंचा होता. त्या जुनी आवृत्ती काढत होत्या आणि किती टक्के झालं ते सांगत होत्या. "चाळीस... एक्केचाळीस... सावकाश चाललंय गं पोरी."

"चालू दे. मी आहे इथे."

शेजारच्या खुर्चीने थोडी कूस बदलली. त्याचा फोन नुकताच संपला होता. "एक विचारू?"

"लवकर. एक्केचाळीस टक्के झालेत."

"आत्याला भेटायला कधी येऊ?"

"कॉम्प्युटर परत द्यायला?"

"तो देईनच." त्याने हेडफोन गळ्यात उतरवला. कान लाल झाले होते. "पण मला... मला तू हवी आहेस. हट्टासकट. तुझ्या हरकती वाचल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही, हे मला एक्केचाळिसाव्या हरकतीलाच कळलं होतं. म्हणून तर ती एक हरकत तीनदा परत पाठवली... तू पुन्हा लिहावंस म्हणून."

"काय? दोष ठाऊक असताना?"

"नाही नाही! दोष खरंच ठाऊक नव्हता. नीट बघितला असता तर तेव्हाच सापडला असता. पण बघण्यापेक्षा तुझं उत्तर यावं, याचीच जास्त घाई होती. गाढवपणा होता. तोही लिहून देतो, हवं तर."

रागवावं की हसावं, याचा हिशेब तिला काही केल्या लागेना. कानात खरखर झाली.

"अगं ए पोरी," फोनमधल्या बाई म्हणाल्या, "माझं पंचेचाळीस टक्के झालंय. ते राहू दे. तू काय म्हणालीस त्याला?"

तिने जीभ चावली. फोन चालूच होता. आणि फोनच्या वरच्या बाजूला एक इवलासा लाल दिवा: रेकॉर्ड होत असल्याचा.

त्यानेही तो बघितला. चेहरा पडला. "साहेब ऐकतील... बंद कर. बाहेर जाऊन बोलू."

"का बंद करू?"

तिने हेडफोनच्या माइकची दांडी ओठांजवळ ओढली, पाठ ताठ केली आणि अंगावर शाल असल्यासारखे दोन्ही खांदे मागे घेतले.

"साहेब, नीट ऐका," ती ठणठणीत आवाजात म्हणाली. "गुरुवार, दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं. हा माणूस मी सगळ्या बाजूंनी तपासला आहे. दोष आहेत, पण दुरुस्त होण्यासारखे. माझं उत्तर हो आहे. आणि बाई, तुम्ही साक्षीदार. नाव, पत्ता सांगून ठेवा. नंतर यांनी 'माझ्या बाजूने असं काही झालंच नाही' म्हटलं, तर मला बोलवायला बरं."